घरची वाद्यशिकवणी : विद्यार्थी व पालक

आमच्याच हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजीचे नाव गाजविणारे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणिली. त्यांच्यापाशी मिरजेस वर्षानुवर्षे शिकून मग विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले. आणि काही पालक महिन्याभरातच विचारितात, "मास्तर, पोरगं गाणं कधी वाजवणार?" पियानो असो वा पेटी, आठवड्याच्या एका तासाने बोटे वळत नाहीत, ती वळतात घरच्या रोजच्या अर्ध्या तासाने. तेवढ्या वेळात मुलास दळण आणावयास धाडू नये, एवढेच पालकांपाशी आमचे मागणे. विद्यार्थ्याने सावकाश वाजवावे. चुकला तर तोच तुकडा पुन्हा घ्यावा. सराव न करिता आलेला मुलगा आम्हांस लगेच कळतो. त्यास आम्ही रागे भरत नाही. घरी निवांत कोपरा मिळतो काय, हे आधी विचारितो.