टाक्याची की दुर्बिणीची?

आता आणखी मूल नको, असे दोघांनी मिळून ठरवलेत. मग पुढचा प्रश्न, "पोट फार कापतात का हो?"

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीजवळ साधारण १ सेंटीमीटरची चीर घेतात, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. पोटात थोडा वायू भरतात आणि दुर्बिणीतून बघत दोन्ही बीजवाहक नळ्यांवर एकेक कडी बसवतात. टाक्याच्या शस्त्रक्रियेत चीर मोठी. म्हणून दुखते जास्त, जखम भरायलाही वेळ लागतो. दुर्बिणीनंतर बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. वायूमुळे एकदोन दिवस खांदा दुखतो. घाबरू नका, आपोआप थांबतो.

पण बाळंतपणानंतर ६ आठवडे दुर्बिणीची करत नाहीत, कारण गर्भाशय पूर्ववत झालेले नसते. बाळंतपणानंतर ७ दिवसांच्या आत करायची तर टाक्याचीच, आणि तीही तितकीच भरवशाची. दोन्ही कायमच्या आहेत, तेव्हा घाईने हो म्हणू नका. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी तर याहून सोपी; तिचाही विचार व्हावा.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. पुढे दोन आठवडे होईतो जड घागर उचलू नये, पाणी घरधन्याने भरावे! ताप आला, पोट फार दुखले, जखमेतून पू आला किंवा पाळी चुकली, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात या.