शिडी, दोरी आणि दोन चेंडू

अमेरिकेत घरामागच्या अंगणात 'लॅडर टॉस' नावाचा एक खेळ खेळतात. एका दोरीच्या दोन टोकांना दोन चेंडू बांधायचे आणि ही जोडी सुमारे 15 फुटांवरून तीन पायऱ्यांच्या शिडीवर फेकायची. दोरी पायरीला गुंडाळून लटकली की पायरीप्रमाणे 1, 2 किंवा 3 गुण मिळतात. नेमके 21 गुण प्रथम करील तो जिंकला.

दक्षिण अमेरिकेतील गाऊचो हे गुराखी अशाच दोरीने, अर्थात दगडी गोळे बांधून, पळती जनावरे पकडत. 'बीगल' जहाजाच्या सफरीत (1831 ते 1836) चार्ल्स डार्विनने हे हत्यार फेकून पाहिले, तेव्हा त्यात त्याचा स्वतःचाच घोडा अडकला! म्हणून आधीच सांगतो, फेकताना समोर माणूस वा जनावर असता कामा नये.

शिडीसाठी नळकामाची अर्धा इंची पीव्हीसी नळी घ्या. वीस फुटांची एक नळी पुरते. पायऱ्यांसाठी 60 सें.मी.चे तीन, उभ्या बाजूंसाठी 33 सें.मी.चे सहा आणि पायांसाठी 30 सें.मी.चे चार तुकडे करवतीने कापा. वरच्या पायरीला दोन एल्बो, खालच्या दोन पायऱ्यांना चार टी आणि पायांना दोन टी लागतील. पायांच्या नळ्यांत वाळू भरून टोकांना बुचे लावा, नाहीतर पहिल्याच फटक्याला शिडी आडवी होते. सोल्युशन फक्त पायांना लावा, म्हणजे बाकीची शिडी सोडून ठेवता येईल. चेंडू भरीव रबराचे आणि सारख्या वजनाचे असावेत. त्यांना आरपार भोक पाडून नायलॉनची दोरी ओवा आणि दोन्ही चेंडूंत 33 सें.मी. अंतर राहील अशा गाठी मारा.

जोडी हवेत कितीही गरगरली तरी तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे दोरीचा मध्य, साध्या दगडाप्रमाणे अन्वस्तावरून जातो. नेम त्या मध्याचा धरायचा. चेंडू मात्र एकावर एक असे उभ्या प्रतलात फिरत गेले पाहिजेत. दोरी पायरीला समांतर येऊन आदळली तर गुंडाळणार कशी?

आता माझ्या चुकीविषयी. दोरी गुंडाळली जाताना चेंडू अधिकाधिक झपाट्याने फिरतो. याचे कारण मी वर्गात वर्षानुवर्षे असे सांगत आलो की, कोनीय संवेग कायम राहतो, म्हणून त्रिज्या घटली की वेग वाढतो. बर्फावर गिरक्या घेणारी नर्तकी हात जवळ घेते तसेच. अकरावीच्या एका मुलीने मोबाइलवर संथगती चित्रण केले, चौकटी मोजल्या आणि म्हणाली, "सर, फेऱ्या भरभर होतात, पण चेंडूचा वेग वाढतच नाहीये." दोरी चतुर्थांश उरली की वेग चौपट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात प्रत्येक चौकटीत चेंडू जवळजवळ तेवढेच अंतर कापत होता.

तिचे बरोबर होते. वेग वाढायचा तर गतिज ऊर्जा वाढली पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी कार्य केले पाहिजे. नर्तकी स्नायूंनी हात आत ओढते. इथे नळी स्थिर आहे, दोरीचा ताण चेंडूच्या गतीला सतत काटकोनात आहे, म्हणून कार्य शून्य. मग कोनीय संवेगाचे काय? दोरी नळीच्या अक्षाकडे जात नाही, ती नळीच्या पृष्ठभागाला स्पर्शून जाते. त्यामुळे ताणाला अक्षाभोवती आघूर्ण असते आणि कोनीय संवेग घटत जातो. फेऱ्या भरभर होतात त्या केवळ वर्तुळ लहान होते म्हणून.

उरलेल्या नळीच्या तुकड्यावर दोन्ही गोष्टी पडताळता येतात. नळीची कड काचकागदाने गुळगुळीत करा. दोऱ्याला खोडरबर बांधून दोरा नळीतून ओवा, नळी उभी धरून खोडरबर डोक्यावर फिरवा आणि दोऱ्याचे खालचे टोक हळूहळू ओढा. खोडरबराचा वेग खरोखर वाढतो, आणि ओढताना बोटांना जोर लावावा लागतो. दुसऱ्या वेळी दोरा नळीलाच बाहेरून बांधा, नळी घट्ट उभी ठेवा आणि खोडरबराला धक्का देऊन दोरा गुंडाळू द्या. दोन्हींचे चित्रण करून चौकटी मोजा.

वेग कायम धरला तर गुंडाळण्याचा काळ काढणे सोपे आहे: दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले नळीची त्रिज्या व वेग यांच्या गुणाकाराची दुप्पट. एका बाजूची दोरी 16 सें.मी., त्रिज्या 1 सें.मी. आणि वेग सेकंदाला 400 सें.मी. घेतला, तर 256 भागिले 800, म्हणजे सुमारे 0.32 सेकंद येतात. तेवढ्यात अडीच वेढे पडतात. यात गुरुत्वाकर्षण आणि चेंडूची जाडी सोडून दिली आहे. चेंडू स्वतःच दोन सें.मी. त्रिज्येचा असेल, तर शेवटचा वेढा कुठे अडतो हे कागदावर आकृती काढून पाहा. बारावीच्या विद्यार्थ्यांनी वरचे सूत्र स्वतः समाकलनाने मिळवावे. ती मुलगी सध्या पाऊण इंची नळीची पायरी बसवून पाहते आहे.