सूचनापेटी रिकामी का पडली?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी शिफ्ट इनचार्ज आहे. मुलं हजर असतात, पण कामात मन नसतं. सूचनापेटी लावली, तीही ओस पडली. काय करावं?

उत्तर : आधी सांगा, पेटीत आलेल्या पहिल्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं? टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली. अशी योजना बक्षिसापेक्षा उत्तरावर जगते. ‘ट्रॉली डावीकडे घेतली तर दर नगाला वाकावं लागणार नाही’ असं एखादा ऑपरेटर म्हणाला, तर दुसऱ्याच दिवशी ट्रॉली हलवा आणि सूचना कोणाची ते शिफ्टच्या सुरुवातीला सर्वांसमोर सांगा. जमत नसेल तर कारण त्याला तोंडावर सांगा. मौनाने माणूस तुटतो.

१९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याभोवती वाळूजचे पुरवठादार वाढले. डिस्पॅचची घाई तुमच्याकडे रोजचीच असणार. तरीही गॅलपच्या १२ प्रश्नांच्या प्रसिद्ध पाहणीतले पहिले दोन मुद्दे तपासा : माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला कळतं का, आणि कामाला लागणारी साधनं मिळतात का? बोथट टूल देऊन रिजेक्शनबद्दल ओरडणं अन्यायाचं आहे.

कंत्राटी मुलांना वेगळं पाडू नका. ओव्हरटाइमचा दुप्पट दर हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो थकला असेल तर कौतुकाचे शब्द पोकळ ठरतात. व्यवस्थापनाकडे तो विषय तुम्हीच लावून धरा.