पहिला बर्फ किती मीटरवर?

थर्ड इयरच्या टूरचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. सिस्सूच्या रस्त्यावर बर्फाचे गोळे मारणारी आमची गँग, सरांच्या टोपीवरचा बर्फ वगैरे. फोटो दुपारी दीड वाजताचे आहेत. त्यानंतरचे फोटो कुणी काढले नाहीत. का, ते या लेखात येईल. कारण त्या दिवसाचा "वेदर इनचार्ज" मी होतो आणि गणित माझंच चुकलं होतं.

नोव्हेंबरचा मधला आठवडा. चंदिगडच्या बाजूच्या दोन कंपन्या बघून झाल्या आणि टूरचा खरा उद्देश, म्हणजे मनाली, सुरू झाला. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर शिमल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज वाचला. मराठीत सांगायचं तर असा: मध्य पर्वतीय भागात काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, उच्च पर्वतीय भागात बऱ्याच ठिकाणी पाऊस/बर्फ, यलो अलर्ट.

आता यातला एकेक शब्द बघा, कारण यातला कुठलाच शब्द उगाच आलेला नसतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ आणि त्याच्या वर "बहुतेक सर्व ठिकाणी". "हलका" म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर, "मध्यम" ६४.४ पर्यंत. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आणि हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आपल्या मेसच्या नाश्त्याची वेळ, लक्षात ठेवायला सोपं.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. फसलो तो "पाऊस/बर्फ" यातल्या तिरक्या रेघेवर! खातं पूर्ण पट्ट्याचा अंदाज देतं. त्या रेघेच्या वर बर्फ आणि खाली पाऊस, पण रेघ नेमकी किती मीटरवर हे ज्याचं त्यानं काढायचं.

मी काढलं. मनाली साधारण २०५० मीटरवर. त्या दुपारी मोबाइल १४ अंश दाखवत होता. वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी, म्हणजे शून्य अंश २१५० मीटर वर, ४२०० मीटरला. रोहतांग ३९७८ मीटर, त्याच्याही वर. सिस्सू तर तीन हजार शंभरच्या आसपास. सरांना ठणकावून सांगितलं, "सर, सिस्सूला फक्त पाऊस. बिनधास्त जाऊ."

ड्रायव्हरकाका म्हणाले, "जायचं तर पहाटे जा आणि बाराच्या आत बोगद्याच्या अलीकडे या." त्यांच्याकडे गणित नव्हतं म्हणून आम्ही त्यांचं ऐकलं नाही. आलू पराठे खाऊन साडेदहाला निघालो.

चूक कुठे झाली? मेकॅनिकलवाल्यांनी इथे पुढे सरकून बसा. आर.ए.सी.च्या प्रॅक्टिकलला आपण स्लिंग सायक्रोमीटर गरगर फिरवतो आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो. त्यात दोन थर्मामीटर असतात, एक कोरडा आणि एक ओल्या कापडाचा. हवा कोरडी असेल तर कापडातलं पाणी उडतं, उडताना उष्णता खेचतं आणि ओला थर्मामीटर खाली उतरतो. मे महिन्यात होस्टेलचा कूलर याच जोरावर चालतो.

डोंगरावर पाऊस सुरू होतो तेव्हा तो आख्ख्या दरीचा कूलर चालू करतो. त्या दुपारी मनालीत ऊन होतं, हवा कोरडी होती, आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास. १४ अंश आणि ३० टक्के हे सायक्रोमेट्रिक चार्टवर मांडलं की वेट बल्ब सहा अंशांच्या जवळ येतो. सरी सुरू झाल्या की तापमान त्या सहाकडे घसरणार, वर ढगामुळे ऊनही नाही. ओल्या हवेत दर किलोमीटरला साधारण सहा अंश घट धरली, तर शून्य अंश आलं ३०५० मीटरला. अटल बोगद्याची दोन्ही तोंडं ३०६०-७० मीटरवर आहेत! शिवाय बर्फाचे कण शून्याची रेघ ओलांडली की लगेच वितळत नाहीत, आणखी दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच येतात. एका चुकीच्या थर्मामीटरने मी रेघ बाराशे मीटरने वर ढकलली होती.

आणि ती एका जागी थांबतही नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात आणि ते भोवतालच्या हवेतूनच येतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलो. तेवढा बर्फ ३०० मीटर जाडीच्या थरात वितळला तर तो थर अंदाजे सव्वा अंशाने गार होतो. म्हणजे वारा तोच, ढग तोच, पण तासाभरात पावसाचा बर्फ होतो आणि रेघ खाली सरकते.

आमच्या डोळ्यांसमोर तेच झालं. सिस्सूला पोचलो तेव्हा चिपचिप पाऊस, मग त्यात पांढरे तुकडे, आणि एक वाजता मोठाल्या पाकळ्या. पहिला बर्फ! आम्ही वेड्यासारखे नाचलो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर ताजा बर्फ. "हलका ते मध्यम" हा शब्द पावसात छत्रीपुरता असतो, बर्फात तो चाकाच्या निम्म्यापर्यंत येतो.

दोन वाजता परत फिरलो. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर आमची टेम्पो ट्रॅव्हलर जागच्या जागी चाकं फिरवायला लागली. चेन नव्हत्या. पुढे-मागे गाड्यांची रांग. पावणेसहाला अंधार. माझ्या रूम पार्टनरला दम्याचा त्रास आहे आणि त्याचा इनहेलर हॉटेलवरच्या बॅगेत होता, कारण "दुपारी तर परत येतोय." सात वाजता त्याला धाप लागली. सर त्याला धरून बसले होते. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठच्या सुमाराला एका स्थानिक फोर-व्हील-ड्राइव्ह जीपवाल्याने त्याला आणि सरांना उचलून मनालीला नेलं. रस्ता साफ करणारं मशीन आल्यावर आम्ही रात्री साडेअकराला पोचलो. तो तेव्हा दवाखान्यातून येऊन पांघरुणात चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी निफाडहून वडिलांचा फोन. "काय रे, तिकडं बर्फ पडला म्हणे?" मला वाटलं माझी काळजी. अर्धी माझी, अर्धी द्राक्षांची! भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडत जे पश्चिमी विक्षोभ येतात (आपल्या पेपरात त्यांना झंझावात म्हणतात), ते हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की मागून उत्तरेचा गार, कोरडा वारा वाहतो. तो पार नाशिक जिल्ह्यापर्यंत येतो. मग वडील रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, नाहीतर मणी फुगत नाहीत, तडकतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडे अवकाळी गारपीट झाली, तेव्हापासून तर ते नोव्हेंबरचा अंदाज रोज वाचतात. सकाळचं तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहितात. आर्द्रता! दहावी शिकलेल्या माणसाच्या वहीत तो कॉलम आहे आणि माझ्या गणितात नव्हता.

यंदाची बॅच पुढच्या महिन्यात तिकडेच जातेय. मी होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावलाय: मनाली, बोगदा, सिस्सू, रोहतांग यांच्या उंच्या आणि वेट बल्बवरून रेघ काढायचं उदाहरण. कोपऱ्यात रूम पार्टनरने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "इनहेलर खिशात." ते कृपया कुणी खोडू नका.