पाहुण्या पक्ष्यांच्या पायातील कडे

फाल्गुन-चैत्रात रायगडच्या किनाऱ्यावर पांगारे फुलतात, त्याच सुमारास हिवाळ्यापुरते आलेले पक्षी परतीच्या तयारीला लागतात. भोरड्या, काही जातींचे धोबी व वटवटे यांची घरटी दूर उत्तरेकडे असतात. त्यांचा मार्ग जाणण्याचे जुने व खात्रीचे साधन म्हणजे पायात घातलेले कडे होय.

१८९९ साली डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी मैनेच्या कुळातील पक्ष्यांना क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे कार्य १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. याच डॉ. अलींनी १९३० साली किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या वीणीचे बारकाईने निरीक्षण केले होते. १९५७ साली आढळलेल्या क्यासनूर माकडतापाशी स्थलांतरी पक्ष्यांवरील गोचिडांचा संबंध आहे काय, हाही प्रश्न या कार्यामागे असल्याने जागतिक आरोग्य संघटनेचे साह्य लाभले.

कामाचा दिवस

पहाटे, उजाडण्यापूर्वी, झुडपांलगत दोन काठ्यांमध्ये अतिशय बारीक धाग्याची जाळी ताणतात. अडकलेला पक्षी उन्हाने वा धडपडीने दगावू नये म्हणून जाळी वारंवार तपासावी लागते. पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग जात ओळखून पायाच्या मापाचे कडे चढवितात. पंखाची लांबी व वजन नोंदवितात. फुंकर मारून पिसे बाजूला केली की गळ्याखालच्या खळगीत साठलेली चरबी दिसते. हीच लांबच्या प्रवासाची शिदोरी होय. नोंद होताच पक्षी मोकळा केला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून पक्षी पकडणे गुन्हा आहे. म्हणून हे काम प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचे असते.

गावकऱ्यांचा वाटा

लहान पक्ष्यांच्या शंभर कड्यांमागे एकाचाही ठावठिकाणा पुन्हा लागणे दुर्मिळ असते. म्हणूनच शेतात वा खाजणात मृत पक्ष्याच्या पायात कडे आढळल्यास ते टाकून देऊ नये. त्यावरील क्रमांक, स्थळ व दिनांक सोसायटीच्या मुंबई कार्यालयास कळवावा. पक्षी जिवंत असल्यास कडे न काढता क्रमांक उतरून त्याला सोडून द्यावे. शिक्षकांनी ही माहिती वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितल्यास, एरवी मातीत हरवणारा क्रमांक एका प्रवासाची साक्ष ठरेल.