बापलेकांची गाडी

घरातली मोठी माणसे भांडू लागली की आपल्याला वाईट वाटते. पण इंग्लंडमधल्या एका बापलेकांच्या भांडणाने सारा देश पोट धरून हसला. ते भांडण खरे नव्हते, दूरचित्रवाणीवरचे होते.

'स्टेप्टो अँड सन' ही बीबीसीची मालिका १९६२ साली सुरू झाली आणि मध्ये काही वर्षांचा खंड पडून १९७४ पर्यंत चालली. रे गॅल्टन व ॲलन सिम्प्सन या जोडीने ती लिहिली.

म्हातारा अल्बर्ट आणि त्याचा मुलगा हॅरल्ड हे लंडनमधले भंगारवाले. हॅरल्ड घोडागाडीतून फिरून जुन्या वस्तू गोळा करतो. घर कसले, भंगाराचे गोदामच ते! चाळिशीकडे झुकलेल्या हॅरल्डला चांगली पुस्तके व उत्तम संगीत यांची आवड आहे. अल्बर्टला मात्र कशाचीच लाज नाही. एकदा तो टबात अंघोळ करता करता जेवतो. लोणच्यातला कांदा पाण्यात पडतो, तर तो उचलून पुन्हा बरणीत टाकतो!

एकदा कंटाळून हॅरल्ड घराच्या मधोमध भिंत घालतो. ये-जा करायला मध्ये फिरते फाटक, आणि त्यातून जायचे तर नाणे टाकायचे! आपल्याच घरात तिकीट! पण पुढे आग लागते आणि दोघे दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर येतात.

आता पहिल्याच भागाची गोष्ट ऐका. हॅरल्ड घर सोडायला निघतो. सामान गाडीवर रचतो. बाप घोडा देत नाही. हॅरल्ड स्वतःच गाडी ओढू लागतो. सारा जोर लावतो, पण गाडी जागची हलत नाही. तो रडू लागतो. बाप त्याची समजूत घालून त्याला घरात नेतो.

इथे आपले हसू थांबते. मुलाला स्वतःचे आयुष्य हवे आहे. बापाला एकटेपणाची भीती वाटते. दोघांपैकी कोणीच दुष्ट नाही. मग सांगा बरे, गाडीवर ओझे कशाचे होते? सामानाचे, की मायेचे?

स्वाध्याय
१. हॅरल्डने घरात भिंत का घातली?
२. 'पोट धरून हसणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
३. तुम्ही अल्बर्टच्या जागी असता तर मुलाला घोडा दिला असता का? चार वाक्यांत लिहा.