उपग्रहाला हिरवं दिसतं, पण चारा सकस आहे का?



सुदूर संवेदन शिकवताना आपण जंगल, शहर, धरण अशी उदाहरणं देतो. गावाशेजारचं गायरान त्याहून जवळचं आहे. शिवाय या तंत्राचं गवताशी जुनं नातं आहे. १९७२ मध्ये अमेरिकेनं लँडसॅट-१ सोडला. त्याच्या प्रतिमांवरून तिथल्या मैदानी प्रदेशातली हिरवाई मोजताना एनडीव्हीआय हा निर्देशांक पुढे आला.

हिरवाई कशी मोजतात?

पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं. डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण मात्र हिरवं पान मोठ्या प्रमाणात परत पाठवतं. गवत वाळलं की हा फरक कमी होतो.

एनडीव्हीआय = (अवरक्त − लाल) ÷ (अवरक्त + लाल)

फळ्यावर दोन गणितं द्या. आकडे सरावापुरते आहेत.

हिरवं गवत: अवरक्त ०.४०, लाल ०.०८. उत्तर ०.६७.
वाळलेलं गवत: अवरक्त ०.३०, लाल ०.२०. उत्तर ०.२०.

आता मुलांना विचारा, "०.६७ म्हणजे चारा चांगला का?" बहुतेक जण "हो" म्हणतील. इथंच खरा धडा सुरू होतो.

हिरवं म्हणजे सकस नव्हे

१. गाजरगवतही हिरवंच असतं, पण जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. शेजारचं मारवेल मात्र आवडीनं खातं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतला सर्वात लहान चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. त्यात दोन्ही गवतं असली तरी आकडा एकच मिळतो.

२. कुसळी कोवळी असताना चांगला चारा आहे. कुसळं धरली की ती मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात टोचतात. गवत जून होईल तसं त्यातली प्रथिनं घटतात, चोथा वाढतो.

३. गवत जोमात वाढतं ते पावसाळ्यात आणि नेमके तेव्हाच ढग आड येतात.

मग सकसपणा कसा कळतो?

त्यासाठी जमिनीवर उतरावंच लागतं. ठिकठिकाणी चौकट टाकून गवत कापतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत त्यातलं नत्र मोजतात. नत्राला ६.२५ नं गुणलं की क्रूड प्रोटीन मिळतं. नत्र १.२ टक्के असेल तर प्रथिनं ७.५ टक्के. हे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना नत्र कमी पडतं, चारा नीट पचत नाही. पोट भरलेलं दिसतं, पण जनावर खंगत जातं.

हे आकडे त्याच दिवसांतल्या उपग्रहाच्या नोंदींशी जुळवून पाहतात. सेंटिनेल-२ मध्ये लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे तीन पट्टे आहेत. हरितद्रव्य कमी-जास्त झालं की ते तिथं चांगलं कळतं, आणि हरितद्रव्यात नत्र असतंच. दोन्हींचा मेळ बसला, तरच उरलेल्या कुरणाचा अंदाज बांधता येतो.

नुसता हिरवा नकाशा बघून "इथं चारा भरपूर आहे" असं ठरवलं, तर उपाशी राहतात ती जनावरं.

करून पाहा

सुतळीची १ मीटरची चौकट घेऊन मुलांना गायरानावर न्या. आतली गवतं मोजू द्या. मग घरच्या किंवा गावातल्या जाणत्या मेंढपाळाला विचारू द्या: यातलं जनावर काय खातं, कधी खातं, काय सोडतं? ही माहिती कुठल्याच उपग्रहाकडे नाही. ज्या मुलाच्या घरी मेंढरं आहेत, तो त्या दिवशी वर्गाचा शिक्षक असेल.